आय बरी आहे

माझ्या पहिल्या लेखाला अकरा वाचक मिळाले. त्यातले पाच मीच होतो. डहाणू स्टेशनवर एकदा, बसमध्ये दोनदा, तलासरीच्या कचेरीसमोर एकदा आणि घरी संडासात एकदा, असा मी तो जागा बदलून बदलून उघडून पाहिला. कारण तो जगभर दिसतो की फक्त आमच्या आगर गावातच, याची खात्री करायची होती. दोनदा बायकोने वाचला. पहिल्यांदा तिच्याबद्दल काही लिहिलंय का ते बघायला, आणि दुसऱ्यांदा का लिहिलं नाही ते बघायला. उरलेले चार कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्या चौघांच्या जिवावर मी पुढची चार-पाच वर्षं लेखक म्हणून मिरवलो, आणि त्या मिरवण्यात दुसऱ्याच्या घरातली एक गोष्ट विकून खाल्ली. ती आज सांगतो. या वेळी छापायला देण्याआधी त्या घरी जाऊन वाचून दाखवली आहे. तिथे दोन ठिकाणी कात्री लागली. ते भाग इथे नाहीत.

धंद्याने मी बॉण्ड रायटर. तलासरीला तहसील कचेरीसमोर बदामाच्या झाडाखाली माझं टेबल. टेबलावर लॅपटॉप, कागद उडू नयेत म्हणून नदीतला एक गुळगुळीत दगड, खाली बॅटरी आणि प्रिंटर, समोर लाकडी बाकडं. दाखल्यांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदी, संमतीपत्रं, सगळं लिहून द्यायचं. मी एक ओळ लेखन करण्याच्या वीस वर्षं आधीपासून तालुका मला 'रायटर' म्हणतो. लहान असतील ते 'रायटरकाका'.

या धंद्यात एकच कसब. माणूस बाकड्यावर बसतो आणि आजोबापासून सुरुवात करतो. आजोबांनी जमीन कशी कसली, चुलत्याने बांध कसा सरकवला, बैल कसा मेला, त्या बैलाचा रंग काय होता. आपण मान डोलवायची आणि त्यातून साहेब वाचतील एवढ्या तीन ओळी उचलायच्या. बाकीचं सगळं बाकड्यावर सांडून राहतं. संध्याकाळच्या बसने मी डहाणूला परतायचो तेव्हा ते सांडलेलं माझ्याबरोबर यायचं, मासळीच्या पिशवीचा वास येतो तसं.

दोन हजार चौदा साली ठाण्यातून फुटून आमचा पालघर जिल्हा नवा झाला. सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि माझ्याकडे 'जिल्हा ठाणे' असं छापलेले फॉर्म गठ्ठ्याने पडून राहिले. टाकवेनात. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी ते सांडलेलं लिहायला लागलो. त्याच वर्षी मुलीचं लग्न झालं. सासरी जाताना तिने मला स्वतःचा जुना फोन दिला, ब्लॉग उघडून दिला आणि म्हणाली, "बाबा, आता आईचं डोकं खाऊ नका, यांचं खा." 'यांचं' म्हणजे तुमचं.

मग मी शिकत गेलो. सकाळी लेख टाकला तर कुणी बघत नाही, दुपारी डबा खायच्या वेळेला टाकला तर जेवता जेवता लोक वाचतात. शीर्षक लांब असेल तर अर्धवट दिसतं. चिकूवर लिहिलं की आपलेच लोक वाचतात आणि चुका काढतात. आणि सर्वांत मोठा धडा असा, की हसवलं तर माणसं अंगठा दाखवून पुढे जातात, रडवलं तर थांबतात आणि आपल्या वहिनीला पाठवतात. अकराचे दोनशे झाले, दोनशेचे दोन हजार. मी रोज सकाळी उठून देवाच्या आधी आकडा बघायचो. बायको म्हणायची, "काय म्हणतो आज बाजारभाव?"

मुंबईतल्या एका संकेतस्थळाचा फोन आला. बोलणारी मुलगी माझ्या मुलीहून लहान असेल, पण आवाज असा की जणू मला राज्यसभेवर घेतायत. "सर, तुमचं लिखाण खूप रॉ आहे." मला वाटलं कच्चं म्हणतेय. मी माफी मागितली. ती हसली. जितके लोक वाचतील तितके पैसे, असा करार झाला. करार कसला, तोही मीच दुरुस्त करून पाठवला, त्यात तीन चुका होत्या. पहिल्या महिन्याला एकशे अठरा रुपये आले. बायकोने विचार करून सांगितलं, "दोन दिवसांचं बसभाडं सुटलं. मोठी झेप आहे."

असं आमचं मजेत चाललं होतं, तेव्हा ती बाई बाकड्यावर आली.

तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरची. तीस-बत्तीसची असेल. तिचा नवरा दरवर्षी पावसाळा संपला की गुजरातच्या बंदरावर जायचा, बोटीवर खलाशी म्हणून. आमच्या भागातले पुष्कळ जातात. सात-आठ महिने समुद्रावर, मग परत घरी, शेतीला. त्या वर्षी बोट सरहद्द ओलांडून गेली म्हणून पाकिस्तानने पकडली आणि सगळे खलाशी तिकडच्या तुरुंगात गेले. मच्छीमारांची एक संघटना घरच्यांची पत्रं तिकडे पोचवते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पत्र लिहून हवं होतं.

पहिल्यांदा ती सासूला घेऊन आली. म्हातारी बाकड्याच्या टोकाला बसली आणि अर्धा तास फक्त प्रिंटरकडे बघत राहिली. शेवटी मला म्हणाली, "एवढं मोठं काय लिहिता? त्याला वाचता येत नाय." मी सांगितलं, तिथे कुणीतरी वाचून दाखवेल. "मग जोराने लिहा," म्हातारी म्हणाली. तिचं माझ्याशी झालेलं बोलणं एवढंच. पत्रात काय लिहू विचारलं तर तिने हात हलवला, म्हणजे काही नाही. मी लिहिलं, 'आय बरी आहे.' दुसऱ्या पत्रातही तेवढंच. पैसे मी घेतले नाहीत. ती येताना शेवग्याच्या शेंगा आणायची.

तिसऱ्या वेळेला ती एकटी आली. भाताची लावणी संपली होती. बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "काका, आय गेली."

मी लॅपटॉप बाजूला सारला. कसा ताप आला, कसं डोलीतून रस्त्यापर्यंत आणलं, तिथेच कशी गेली, सगळं तिने सांगितलं. मी मान डोलवत होतो. मग म्हणाली, "आता पत्र लिहा."

"कसं लिहू? कळवायचं कसं त्याला?"

"कळवायचं नाय. लिहा, आय बरी हाय."

तिने मला समजावून सांगितलं, एखाद्या मंद कारकुनाला सांगावं तसं. आमच्याकडे मरणाची बातमी माणसाला एकट्याला सांगत नाहीत. लांबून आला असेल तर आधी पाणी, मग दोन घास, मग सांगणं. आणि सांगितलं की तिथल्या तिथे घरच्या माणसाने त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं. "तिथं कोण ओतणार?" ती म्हणाली. "तो येऊ दे. मी सांगीन. दिवसपण त्याच्यासाठी थांबवलेत, तो आल्यावर घालू. तवर आय बरी हाय."

ते तिचं काम होतं. सांगायचं तिने, पाणी ओतायचं तिने. त्यासाठी ती किती वर्षं लागतील तितकी थांबणार होती. एवढी एकच गोष्ट तिने स्वतःच्या हातात ठेवली होती, बाकी सगळं दोन सरकारांच्या हातात होतं.

मी 'आय बरी आहे' लिहिलं, आणि मला ते उघडंबोडकं वाटलं. आता माझी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आगरच्या गणपतीतल्या नाटकाला बायका मिळायच्या नाहीत तेव्हा मी तीन वर्षं सासू झालो होतो. लुगडं, अंबाडा, कंबरेवर हात. लोक शिट्या मारायचे. पंचवीस वर्षांनी ती सासू माझ्या आत जागी झाली. मी लिहिलं, 'आय म्हणते, तुझी तांबडी कोंबडी शेजारणीच्या घरात अंडी घालते आणि आपल्या घरात येऊन ओरडते, अगदी तुझ्या मामासारखी.' वाचून दाखवलं. ती बाई तोंडावर पदर धरून हसली. "अशीच बोलायची आय!" म्हणाली.

अशीच बोलायची! बाईसाहेब, हे मला सांगायला नको होतं.

मग मी सुटलोच. चौथ्या, पाचव्या पत्रात म्हातारी माझ्या हाताखाली फुलत गेली. माझ्यासमोर अर्धा तास मुकी बसलेली बाई पत्रात शेजाऱ्यांच्या नकला करायला लागली. एकदा टेबलावरच्या दगडाकडे बघत बसलो होतो, आणि सुचलं. 'आय म्हणते, सरकारने समुद्रावर रेघ मारली असेल तर ती पाण्यावर दिसली पाहिजे. आपल्या बांधाला निदान दगड तरी असतो. समुद्राला कुणी दगड लावला?' हे वाक्य मी मोठ्याने चारदा वाचलं. बदामाच्या झाडालाही ऐकवलं असतं. आयुष्यभर बांधांच्या भांडणाचे अर्ज लिहिले त्याचं चीज झालं, असं वाटलं.

त्या बाईला मात्र आणखी एक लिहायचं होतं. "लिहा, चप्पल घालून बोटीवर चढू नको, पाय घसरेल."

"अगं, तो जेलमध्ये आहे. बोट कुठली तिथे?"

"आय हेच म्हणायची. दर साली, निघताना."

मला ते वाक्य अगदीच नीरस वाटलं. दगडाच्या वाक्यानंतर चप्पल कुठे आणायची? पण ती हलेना. मी कागदाच्या तळाला, जागा उरली होती तिथे, एका ओळीत कोंबलं.

काही महिन्यांनी तिकडून एक पत्र आलं, कुणा साथीदाराने हिंदीत लिहिलेलं. ते घेऊन ती धावत आली. आयचं पत्र आलं की बराकीत सगळे गोळा होतात, असं त्यात होतं. तीन तीनदा वाचून घेतात. समुद्राला दगड कुणी लावला, हे तर गुजरातचे खलाशीसुद्धा एकमेकांना म्हणतात. मी ते पत्र दोनदा वाचलं. चाळीस-पन्नास माणसं, दारं बंद, कुणी उठून जाऊ शकत नाही. असा प्रेक्षक कुठल्या नटाला मिळतो? अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर तो काटा त्यांच्या दुःखाचा नव्हता.

आणि त्याच आठवड्यात मी ते लिहून टाकलं. 'आय बरी आहे' असंच शीर्षक. सासू मेलेली, सून खोटं लिहिणारी, आणि तिच्या पत्रांतली जिवंत म्हातारी. घरात वाचून दाखवलं. बायकोचे डोळे भरले. डोळे पुसून तिने विचारलं, "विचारलंत का तिला?"

"नाव कुठे दिलंय? आणि ती थोडीच वाचणार आहे?"

"वाचणार नाही म्हणूनच विचारायचं," ती म्हणाली आणि भात बघायला गेली.

पण मी खबरदारी घेतली होती, धंद्यातली. प्रतिज्ञापत्रात माणूस म्हणजे काय? नाव, वय, धंदा, राहणार. एवढ्या चार गोष्टींनी माणूस ओळखला जातो, असं मी वीस वर्षं टंकत आलो होतो. त्या चारही मी बदलल्या. खलाशाचा ड्रायव्हर केला, तलासरीचं मोखाडा केलं, त्याचं वय वाढवलं, नाव दिलंच नाही. वाळवंटात कुठे तरी परदेशी तुरुंगात नेऊन ठेवला. अगदी चोख काम. फक्त समुद्राचं ते वाक्य निघेना. वाळवंटात समुद्र बसत नव्हता. दुसऱ्या कुणीही ते वाक्य कापलं असतं. मी रेघ वाळूवर मारून घेतली, पण दगड ठेवला. 'आपल्या बांधाला निदान दगड तरी असतो.' माझं सर्वांत चांगलं वाक्य, ते कोण टाकतं?

लेख चालला. चालला म्हणजे धावला. मुंबईची मुलगी दर तासाला फोन करायची, "सर, वाढतोय! सर, थांबतच नाहीये!" लांबलांबच्या मराठी माणसांनी आपल्या आयांची आठवण काढली. त्या महिन्यात आलेल्या पैशांत घरात फ्रिज आला. नंतर मला दर आठवड्याला एक सदर मिळालं, आणि लेखामागे ठरलेले पैसे. कचेरीतला एक कारकून मला 'सर' म्हणाला. बायको फ्रिजला 'सासूचा फ्रिज' म्हणायची. सुरुवातीला चेष्टेने. "सासूच्या फ्रिजमधून दही काढा." नंतर ती चेष्टा कधी संपली ते कळलं नाही, नाव तेच राहिलं.

ती बाई अधूनमधून यायची. मी सहावं पत्र लिहून दिलं. तिने शेंगा दिल्या. मी घेतल्या.

लेख माझ्या हातातून कधीच निसटला होता. माझं नाव गळालं. कुणा तरी बाईने तो आपल्या आवाजात वाचला, मागे बासरी लावली, आणि तो आवाज फोनाफोनांतून फिरायला लागला. मलाच चार जणांनी पाठवला, 'अवश्य ऐका' म्हणून. मला राग आला. कशाचा? नाव गळाल्याचा.

मग एक दिवस तिकडून खलाशांची तुकडी सुटली. त्यात तिचा नवरा होता. सरहद्दीवरून रेल्वेने गुजरातला, तिथून गाडीने आमच्याकडे. घ्यायला पाड्यावरचे काही पुरुष गेले. ती गेली नाही. तिने घर सारवलं, पाणी भरून ठेवलं, सासऱ्याच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्याला बोलावून ठेवलं. सगळं ठरलेलं होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तिनेच सांगितलं, नंतर, आणि तिने सांगितलं तेवढंच इथे लिहितो. गाडी मोठी होती, पंचवीसेक माणसं. रस्ता लांब. घ्यायला गेलेल्यांपैकी एकाने वेळ जावा म्हणून फोनवर काय काय लावलं. गाणी लावली, विनोद लावले. मग म्हणाला, "हे ऐक, आपल्यासारख्याच एका बाईचं हाय." आणि बासरी सुरू झाली. नवरा खिडकीशी बसून ऐकत होता. मोखाड्याचा ड्रायव्हर, वाळवंट, परका देश, त्याला काहीच ओळखीचं नव्हतं. मग दगडाचं वाक्य आलं.

ते वाक्य त्याने बराकीत कितीदा ऐकलं होतं. त्याच्या आयचं वाक्य. आणि ती अनोळखी बाई बासरीवर सांगत होती की हे म्हणणारी म्हातारी पत्रं जायच्या आधीच मेली आहे.

तो तसाच खिडकीशी बसून राहिला. बाजूच्यालाही कळलं नाही. गाडी तलासरीच्या नाक्यावर आली, तिथून पाड्यावर. दारात बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, प्यायला म्हणून. त्याने तांब्या घेतला. तोंडाला लावला नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून स्वतःच्या डोक्यावर ओतला.

तिला कळलं, त्याला कळलंय.

संकेतस्थळाच्या त्या मुंबईच्या मुलीचा फोन त्याच आठवड्यात आला, योगायोग असतात. "सर, वाचक अजून विचारतायत, तो परत आला का? सर, सिक्वेल लिहाच." मला अजून काही माहीत नव्हतं. सुटकेची बातमी फक्त वाचली होती. मी हो म्हणालो. आनंदाने म्हणालो. तो दारात येतो, बायको त्याला सांगते, पाणी ओतते, असा शेवट मी बसमध्ये डोक्यात लिहूनही काढला. फार सुंदर झाला होता. पाण्याचं वर्णन तर असं, की तुम्ही थांबला असतात आणि वहिनीला पाठवलं असतंत.

दुसऱ्या दिवशी ते दोघं आले.

ती झाडाच्या बुंध्यापाशी उभी राहिली, बाकड्यावर बसली नाही. तो बसला. चेहरा आयसारखा, प्रिंटरकडे बघण्याची तऱ्हासुद्धा तीच. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यातून त्याने सहा पत्रं काढली, घड्यांवर विरलेली, तेलकट बोटांच्या डागांची.

"रायटरकाका," तो म्हणाला, "घरात विचारलं. ही म्हणते, तुम्ही लिहायचे. मला वाचता येत नाय. यात आयचं कुठलं नि तुमचं कुठलं, तेवढं सांगा."

मला वाटलं होतं शिव्या देईल. त्याची तयारी मी क्षणात केली होती, खाली मान घालायची, हात जोडायचे, भूमिका तोंडपाठ होती. या प्रश्नाला माझ्याकडे भूमिका नव्हती.

"वाचून दाखवा," तो म्हणाला. "आय म्हणते, असं आलं की थांबा."

मी तारखा बघून पत्रं लावली आणि वाचायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा हातवारे न करता, आवाज न काढता, नोटीस वाचावी तसं. पहिल्या पत्रात 'आय बरी आहे.' मी थांबलो. "आय तेव्हा इथे बसली होती. खरं आहे." दुसऱ्यातही तेच. "खरं." त्याने मान हलवली. तिसऱ्यात कोंबडी आली. मी थांबलो.

"ही कोणाची?"

"माझी."

"मामासारखी ओरडते, ती?"

"तीही माझीच."

तो थोडा हसला, आणि ते हसणं तसंच चेहऱ्यावर विसरून गेला. चौथं झालं. पाचव्यात दगड आला. मला वाटत होतं तो विचारणार नाही, ते सोडून देईल. एखादा माणूस एवढं तरी स्वतःपाशी ठेवील. मी झाडाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. 'आयचं' म्हटलं असतं तर ते आयचं झालं असतं, कायमचं. ते वाक्य तरी म्हातारीला मिळालं असतं. पण आय बरी आहे, हे मी सुनेच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. हे दगडाचं कुणी सांगितलं नव्हतं.

"माझं," मी म्हणालो. "या दगडाकडे बघून लिहिलं."

त्याने टेबलावरच्या दगडाकडे पाहिलं. हात लावला नाही.

मग तळाची ओळ आली. मी वाचली. 'चप्पल घालून बोटीवर चढू नको, पाय घसरेल.'

"हे आयचं," मी सांगायच्या आत तिने झाडापासून सांगितलं.

"होय," मी म्हणालो, "हे आयचं."

तो कागदावर वाकला. "कुठं हाय ते? बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. त्याने कागद त्या ओळीच्या वर दुमडला, नखाने घडी दाबली. फाटेल म्हणून मी माझी स्टीलची फूटपट्टी पुढे केली, स्टॅम्पपेपर फाडायची. त्याने ती लावून दोन बोटं रुंदीची पट्टी काढून घेतली, अगदी सरळ. मी उरलेलं सहावं पत्र वाचलं. त्यात सगळं माझंच होतं. मी तसं सांगितलं.

त्याने पहिली दोन पत्रं घेतली, ती पट्टी त्यांच्या आत ठेवली आणि पिशवीची गाठ मारली. उरलेली चार माझ्याकडे सारली.

"ही तुमची. ठेवा."

ते निघाले. दहा पावलांवर जाऊन ती परत आली. मला वाटलं काही बोलेल. तिने बाकड्यावरची, येताना सवयीने आणलेली शेंगांची जुडी उचलली आणि गेली.

मुंबईच्या मुलीला मी फोन केला नाही. तिने आठ दिवस केले, मग दुसऱ्या रायटरला धरलं असेल. सदर महिन्याभरात बंद पडलं. आकडा मात्र मी बघायचो, बरेच दिवस. 'आय बरी आहे' अजून वाढत होता. मी तो काढून टाकला, तरी बासरी फिरतच होती. तिला काढायची जागा मला कुठल्याच कचेरीत सापडली नाही.

ते दोघं आले त्या दिवशी दुपारी वारा होता. चार पत्रं टेबलावर फडफडायला लागली, म्हणून मी त्यांच्यावर दगड ठेवला. बाकड्यावर पुढचा माणूस येऊन बसला होता. त्याने घसा खाकरला आणि आजोबापासून सुरुवात केली.

"थांबा," मी म्हणालो. "फक्त अर्जापुरतं सांगा."